‘सात दऱ्या’ या बहाई गूढग्रंथाचे गटअध्ययन : नियोजन व मर्यादा

प्रस्तावना

महाविद्यालयीन वाचनमंडळांत कादंबरी, आत्मचरित्र किंवा वैचारिक ग्रंथ घेतला जातो. गूढवादी ग्रंथ हाती घेण्याची वेळ आली की मात्र प्राध्यापकवर्ग संकोचतो. या संकोचाची कारणे दोन आहेत. असे वाचन म्हणजे धर्मप्रसार ठरेल काय, ही पहिली शंका. ज्या ग्रंथावर एखाद्या समाजाची आज श्रद्धा आहे, त्याची चिरफाड करणे योग्य काय, ही दुसरी. दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोहोंचे उत्तर बऱ्याच अंशी बैठकीच्या नियोजनात असते. प्रस्तुत लेखात बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्लाह यांच्या ‘हफ्त वादी’ म्हणजेच ‘सात दऱ्या’ या लघुग्रंथाच्या आधारे अशा गटअध्ययनाचे नियोजन कसे करावे, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

ग्रंथाचा परिचय

बहाउल्लाह (१८१७–१८९२) यांचा जन्म तेहरान येथे झाला. बाब यांच्या चळवळीचे अनुयायी म्हणून त्यांना कारावास व पुढे हद्दपारी भोगावी लागली आणि १८५३ मध्ये ते बगदादला पोहोचले. १८५४ ते १८५६ या काळात त्यांनी कुर्दिस्तानातील डोंगराळ भागात व सुलेमानिया येथे एकांतवास पत्करला. तेथील सूफी साधकांशी त्यांचा निकटचा संबंध आला. बगदादला परतल्यानंतर खानकीन येथील काझी शेख मुहियुद्दीन यांच्या प्रश्नांना उत्तर म्हणून त्यांनी ‘हफ्त वादी’ फारसीत लिहिली. हे काझी सूफी परंपरेचे अभ्यासक होते. बहाउल्लाह यांनी आपल्या धर्मकार्याची घोषणा १८६३ मध्ये केली. हा ग्रंथ त्यापूर्वीचा आहे. शोघी एफेंदी यांनी बहाउल्लाह यांच्या गूढवादी रचनांमध्ये या ग्रंथाला सर्वोच्च स्थान दिले आहे.

नियोजनाच्या दृष्टीने यातील एक बाब विशेष महत्त्वाची आहे. हा ग्रंथ प्रबंध नसून पत्रोत्तर आहे. एका जाणकाराने विचारले आणि दुसऱ्याने त्याला समजेल अशा परिभाषेत उत्तर दिले. म्हणूनच त्यात कुराणातील वचने, सूफी दृष्टान्त व फारसी काव्याचे संदर्भ मुक्तपणे येतात. काझींना ते सहज उमगत असतील; आपल्या गटाला उमगणार नाहीत. ही दरी किती व कशी भरून काढायची, हा नियोजकापुढील पहिला प्रश्न होय.

सात टप्प्यांची कल्पना बाराव्या शतकातील फारसी कवी अत्तार यांच्या ‘मंतिक-उत-तैर’ या काव्यातून आली आहे. अत्तार यांचा क्रम शोध, प्रेम, ज्ञान, निरपेक्षता, एकत्व, विस्मय आणि दारिद्र्य व विलय असा आहे. बहाउल्लाह यांनी चौथ्या व पाचव्या टप्प्याची अदलाबदल केली. त्यांच्या ग्रंथात एकत्व आधी येते व निरपेक्ष तृप्ती नंतर. हा फरक व्याख्यानातून सांगून टाकण्यापेक्षा गटासमोर प्रश्न म्हणून ठेवावा. सर्वांत एकच प्रकाश दिसल्यावर मनुष्य तृप्त होतो, की हाव संपल्यावरच त्याला ते एकत्व दिसते? या एका प्रश्नावर एक संपूर्ण बैठक होऊ शकते.

मराठी वाचकाची पूर्वतयारी

मराठी वाचक या ग्रंथाकडे अगदी रिकाम्या हाताने येत नाही. दऱ्यांची मूळ नावे तलब, इश्क, मारिफत, तौहीद, इस्तिग्ना, हैरत आणि फक्र-ओ-फना अशी आहेत. यांपैकी ‘तलब’ आपण चहातंबाखूच्या संदर्भात रोज वापरतो. ‘हैराण’ हा ‘हैरत’चा सोयरा, मराठीत त्याचा अर्थ त्रासून जाणे असा झाला, मूळ अर्थ थक्क होणे असा आहे. ‘फक्र’ आपल्या ‘फकीर’ या शब्दात नांदतो. पहिल्या दरीचे वाहन ‘सब्र’ असे ग्रंथात म्हटले आहे, ती आपली सबुरी. दुसऱ्या दरीचे वाहन ‘दर्द’. हे शब्द फळ्यावर लिहून मराठीत त्यांचे काय झाले, एवढे विचारले तरी अबोल सदस्यही बोलू लागतात.

दुसरी पूर्वतयारी मात्र जपून वापरावी लागते. ‘सात’ म्हणताच तत्त्वज्ञानाच्या अध्यापकांना योगवासिष्ठातील सप्त ज्ञानभूमिका आठवतात. शुभेच्छा, विचारणा, तनुमानसा, सत्त्वापत्ती, असंसक्ती, पदार्थाभावनी व तुर्यगा हा तो क्रम. तुलना उद्बोधक आहे, परंतु ‘हे तर आपल्याकडचेच’ असे म्हणून ग्रंथ बाजूला ठेवण्याचा मोह तीतूनच निर्माण होतो. शुभेच्छेनंतर योगवासिष्ठात विचारणा येते. ‘सात दऱ्या’त शोधानंतर प्रेम येते आणि तेथे बुद्धीला घर सोडावे लागते. ज्ञान त्याच्याही नंतरचे. साम्य पाहिल्यावर भेदही तेवढ्याच काळजीने पाहावा, हे सूत्र आरंभीच ठरवून घ्यावे.

बैठकीची रचना

बहाई समाजात पुरोहितवर्ग नाही. अब्दुल बहा व शोघी एफेंदी यांचे भाष्य अधिकृत मानले जाते. अन्य कोणाही व्यक्तीचा अर्थ हा त्या व्यक्तीचे मत समजला जातो. एकत्र बसून वाचणे व विचारविनिमय करणे याला त्यामुळे तेथे मोठे महत्त्व आहे. कोलंबियात विकसित झालेल्या रूही संस्थेच्या अभ्यासक्रमामुळे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अभ्यासवर्तुळाची पद्धत जगभरच्या बहाई समाजात रुजली. महाविद्यालयीन गटाचा हेतू निराळा असला तरी प्रवचनकाराऐवजी सुलभक ही तेथील भूमिका आपल्यालाही घेता येते.

गटात आठ ते बारा सदस्य असावेत आणि ते एकाच विषयाचे नसावेत. एक परिचयाची व प्रत्येक दरीसाठी एक, अशा एकूण आठ बैठका पुरेशा होतात. बैठक नव्वद मिनिटांची धरल्यास वेळेची विभागणी अशी करता येईल : पाच मिनिटे शांतता, पंधरा मिनिटे प्रकट वाचन, पंधरा मिनिटे शब्द व संदर्भ, पस्तीस मिनिटे चर्चा, पंधरा मिनिटे प्रत्येकाचे लेखन आणि अखेरची पाच मिनिटे पुन्हा प्रकट वाचन. अखेरच्या वाचनानंतर कोणीही समारोप करू नये. वाचनासाठी अली कुली खान व मार्झिया गेल यांचे १९४५ चे इंग्रजी भाषांतर उपयोगी पडते. फारसी जाणणारा सहकारी उपलब्ध असल्यास त्याला शब्दांच्या टप्प्यापुरते बोलावावे.

चर्चेचे प्रश्न तीन पायऱ्यांचे असावेत : मजकुरात काय घडते, ती प्रतिमा काय साधते आणि वाचकाकडून ती काय मागते. उदाहरणार्थ, शोधाच्या दरीत मजनू माती चाळताना दिसतो. लैलेसारखी निर्मळ व्यक्ती मातीत कशी सापडेल, असे लोक विचारतात. तो सांगतो की, ती कोठेतरी सापडेल म्हणून मी सर्वत्र शोधतो. येथे पहिला प्रश्न लोकांचे म्हणणे चूक आहे काय, हा असावा. ते चूक नाही, हे गटाच्या ध्यानात आले की मजनूचे उत्तर खरोखर अवघड वाटू लागते. एकत्वाच्या दरीत रंगीत काचांतून येणाऱ्या सूर्यप्रकाशाचा दृष्टान्त आहे, तर विस्मयाच्या दरीत स्वप्नाचा. पहिल्यासाठी भौतिकशास्त्राचे व दुसऱ्यासाठी मानसशास्त्राचे अध्यापक गटात असणे लाभाचे ठरते. मात्र दृष्टान्त शास्त्राच्या कसोटीला उतरतो की नाही, एवढ्यावर चर्चा थांबू देऊ नये.

पहारेकऱ्याची कथा

नियोजनाची खरी परीक्षा तिसऱ्या, म्हणजे ज्ञानाच्या दरीत होते. तेथे रूमींच्या मसनवीतही आढळणारी एक कथा आहे. दीर्घ विरहाने जिवावर उदार झालेला एक प्रेमिक रात्री घराबाहेर पडतो. एक पहारेकरी त्याचा पाठलाग सुरू करतो. पाहता पाहता इतरही येतात आणि सर्व वाटा बंद होतात. तो रडतो, पहारेकऱ्याला दूषणे देतो व अखेर प्राणावर उदार होऊन एका बागेच्या भिंतीवरून उडी टाकतो. आत त्याची प्रिया हाती दिवा घेऊन हरवलेली अंगठी शोधीत असते. तेव्हा तो त्याच पहारेकऱ्याला दुवा देतो. ज्ञानाच्या दरीतील प्रवासी आरंभातच शेवट पाहतो, हे या कथेतून सुचवायचे आहे.

कथा भिंतीपाशी थांबवून ‘या क्षणी पहारेकऱ्याविषयी तो काय म्हणेल?’ असे विचारावे. मग पुढील भाग वाचून तोच प्रश्न पुन्हा विचारावा. अशा प्रकारे कथेचा आशय सांगावा लागत नाही, तो घडतो.

परंतु येथेच प्रस्तुत लेखिकेची चूक झाली. आमच्या गटाच्या तिसऱ्या बैठकीत चर्चा रंगली आणि एका सदस्याने उत्साहाच्या भरात म्हटले की, प्रत्येक दुःख असेच असते, फक्त ते आपल्याला मागाहून कळते. शेजारी बसलेल्या ज्येष्ठ सहकारी बाईंचा तरुण मुलगा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला होता. त्या शांतपणे म्हणाल्या, “माझ्या भिंतीपलीकडे बाग नव्हती.” कोणालाच काही सुचले नाही. सुलभक या नात्याने मी घाईने काहीतरी सांत्वनपर बोलले आणि बैठक संपविली. पुढील बैठकीला त्या आल्या नाहीत.

त्यानंतर तो मजकूर मी पुन्हा वाचला. कथेतील एक साधी गोष्ट आमच्या सर्वांच्या नजरेतून निसटली होती. पहारेकऱ्याला दुवा देतो तो प्रेमिक स्वतः, आणि तोही बागेत पोहोचल्यावर. रस्त्यावरचा कोणीही त्याला ‘हा पाठलाग तुझ्या भल्याचा आहे’ असे सांगत नाही. शिवाय ग्रंथ त्याच्या रडण्याला दोष देत नाही. शेवट झाकलेला होता म्हणून त्याने आकांत केला, एवढेच तो नोंदवितो. आम्ही मात्र प्रेमिकाचे वाक्य त्याच्या तोंडून काढून घेतले आणि दुसऱ्याच्या दुःखाला लावले. हे मी त्या बाईंना घरी जाऊन सांगितले. त्यांनी ते मान्य केले असे म्हणता येणार नाही. “हे असे वाचता येते, ठीक आहे,” एवढेच त्या म्हणाल्या. पाचव्या बैठकीपासून मात्र त्या पुन्हा येऊ लागल्या.

या अनुभवातून एक नियम निश्चित झाला : मजकुराचा अर्थ सर्वांनी मिळून लावावा, पण तो कोणाच्या आयुष्याला लावायचा हे ज्याने त्याने आपल्यापुरते ठरवावे. दुसऱ्याच्या आयुष्यावर ग्रंथाचा दाखला देण्यास गटात मुभा असू नये. शेवटची पंधरा मिनिटे लेखनासाठी राखली आहेत ती याचसाठी. ते लेखन वाचून दाखविण्याची सक्ती नसावी आणि त्याचे संकलनही करू नये. हा नियम परिचयाच्या बैठकीतच सांगावा. प्रसंग ओढवल्यावर सांगितलेला नियम कोणाला तरी उद्देशून आहे असे वाटते.

मर्यादा

अशा वाचनाची पूर्तता झाली असे कधी म्हणता येत नाही. ज्ञानेश्वरीचे किंवा गुरुचरित्राचे सप्ताह-पारायण आपल्या परिचयाचे आहे. तेथे ग्रंथ पूर्ण होणे हेच व्रत असते. येथे मात्र ग्रंथच सांगतो की, हा प्रवास काळाच्या हिशेबात संपत नाही आणि ईश्वराची इच्छा असल्यास सात पावलांत, सात श्वासांत, किंबहुना एका श्वासातही तो पार होतो. आठ बैठकांचे प्रमाणपत्र म्हणूनच निरर्थक आहे. तसेच गूढमार्ग म्हणजे आचारधर्मापासून सुटका, असा समज झाल्यास प्रवाशाने धर्मनियमापासून केसभरही ढळू नये, हा ग्रंथातील इशारा गटापुढे ठेवावा.

निष्कर्ष

बहाई वाङ्मयाचा महाराष्ट्राशी संबंध जुना आहे. ‘किताब-ए-अक्दस’ हा बहाई धर्माचा प्रमुख ग्रंथ १८९०–९१ च्या सुमारास मुंबईत छापला गेला आणि पाचगणी येथील न्यू एरा हायस्कूल ही बहाई प्रेरणेने स्थापन झालेली शाळा १९४५ पासूनची आहे. तरीही आपल्या वाचनमंडळांत हे ग्रंथ क्वचितच येतात.

इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर बहाई विद्यार्थ्यांना व अध्यापकांना विद्यापीठांतून दूर करण्यात आले. १९८७ मध्ये त्यांनी घराघरांतील वर्गांतून चालणारी स्वतःची उच्च शिक्षणसंस्था उभारली. १९९८ व २०११ मध्ये तिच्यावर धाडी पडल्या व अध्यापकांना अटक झाली. पाचदहा माणसांनी एका खोलीत ग्रंथ उघडून बसणे ही जगात सर्वत्र गृहीत धरण्याजोगी बाब नाही. आपल्याला ती खोली, ती टेबले व तो वेळ सहज मिळतो. त्या बैठकीची नीट आखणी करणे आणि तेथे आलेल्या प्रत्येकाला पुन्हा यावेसे वाटेल असे वागणे, एवढी जबाबदारी तरी आपण घ्यावयास हवी.