वैशाखात तहानलेले पितर

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी मराठवाड्यात घरोघरी मातीचे दोन घट भरले जातात. एक करा, दुसरी केळी. आत थंड पाणी, जमलं तर वाळ्याची जुडी, तोंडावर आंबा. आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावात ही जोडी घ्यायला आदल्या दिवशी बाजारात जी गर्दी होते, ती पाहून परगावच्या माणसाला वाटावं की गावात पाणीटंचाई आली म्हणून लोक माठ नेताहेत. तसं म्हटलं तर टंचाईच आहे, फक्त ती पितरांकडची. आमच्या घरात ते पाणी वाहून होईपर्यंत कोणी आंबा चाखत नसे. लहानपणी या नियमाचा मला फार राग यायचा. पाडावरचे आंबे समोर, आणि पहिला मान कोणाचा, तर भिंतीवरच्या तसबिरीतल्या आजोबांचा! मी विचारलं तर आजी म्हणायची, ‘त्याहीला ऊन लागतंय की रे बाबा.’

हे वाक्य मला पुष्कळ वर्षांनी पुन्हा आठवलं ते विक्का या पाश्चात्य पंथाविषयी वाचताना. आत्म्याचा प्रवास आणि ऋतूंचं चक्र एकमेकांत गुंफणारा आधुनिक धर्म म्हणून या पंथाचं नाव घेतात. त्याची जुजबी ओळख आधी उरकून टाकतो. इंग्लंडमध्ये जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा 1951 साली रद्द झाला आणि 1954 साली जेराल्ड गार्डनर या निवृत्त अधिकाऱ्याने ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक काढून पंथ उजेडात आणला. वर्षाला आठ सण: दोन अयनबिंदू, दोन संपात, आणि त्यांच्या मधले चार. हिवाळी अयनाला, म्हणजे यूलला, सूर्यदेव जन्मतो. उन्हाळ्यात तो ऐन भरात येतो, 1 ऑगस्टच्या लामासला पिकासोबत कापला जातो, 31 ऑक्टोबरच्या साविनला मृत्युलोकात उतरतो आणि पुन्हा जन्मतो. माणसाचा आत्माही तसाच. मेल्यावर ‘समरलँड’ नावाच्या सदाहरित मुलखात विसावा, मग नवा जन्म. साविनला इह आणि पर यांच्यातला पडदा विरळ होतो, असं ते मानतात. काही घरांत त्या रात्री मृताचं पान वाढून सगळे मुकाट्याने जेवतात. ऑस्ट्रेलियातले विक्कन हेच सण सहा महिने पुढे-मागे सरकवतात, कारण तिकडे ऋतू उलटे. एवढं पुरे.

नाही, गार्डनरबद्दल आणखी थोडं सांगितलंच पाहिजे. हा गृहस्थ तरुणपणी सिलोनला चहाच्या मळ्यात कामाला होता. नंतर बोर्निओ, मलाया, तिथे सरकारी नोकरी, आणि 1936 साली निवृत्ती. म्हणजे पुनर्जन्म ही ज्यांच्या घरातली साधी गोष्ट, अशा लोकांत त्याची तरुणपणाची काही वर्षं गेली. शिवाय इंग्लंड-अमेरिकेतल्या गूढवादी मंडळींत पुनर्जन्माची कल्पना रुजवण्यात थिऑसॉफिकल सोसायटीचा मोठा हात होता, आणि त्या सोसायटीच्या ब्लाव्हाट्स्कीबाई आणि कर्नल ऑल्कॉट 1879 साली मुंबईत येऊन गिरगावात राहिले. त्यांचं ‘थिऑसॉफिस्ट’ मासिक त्याच वर्षी मुंबईतूनच सुरू झालं. अड्यारला बिऱ्हाड हललं ते 1882 च्या अखेरीस. तेव्हा विक्काच्या पुनर्जन्मात मुंबईच्या पाण्याचा एखादा थेंब असावा, असं मला वाटतं. पुरावा मागाल तर एवढाच की वाटा एकमेकींना छेदतात.

आता आजीच्या वाक्याकडे येतो, कारण माझं सारं कुतूहल तिथे अडकलं आहे. विक्कात ऋतू हा आत्म्याचा आरसा. पानगळ बघायची आणि आपल्या अंताचा विचार करायचा. आमच्याकडे हिशेब जास्त रोखठोक आहे. मेलेला माणूस ऋतूत चालतोय, त्याला तो ऋतू बाधतोय, आणि त्याची सोय लावणं हे मागे राहिलेल्यांचं काम आहे.

पटत नसेल तर गरुडपुराणाचा सारोद्धार काढा. सुतकात आमच्याकडे संध्याकाळी तो लावतात, पण रडारडीत आणि पाहुण्यांच्या चहात लक्ष देऊन ऐकतो कोण? मी तो एकदा सुतक नसताना, निवांत वाचला. घरच्यांना आवडलं नाही, पण मला प्रवासवर्णन वाचल्यासारखं वाटलं. दहा दिवसांच्या दहा पिंडांनी प्रेताला नवं शरीर मिळतं. मग वाट सुरू होते. रोज 247 योजनं चालायचं. वाटेत सावलीला झाड नाही, पाणी नाही, आणि डोक्यावर बारा सूर्य. यमाच्या नगरीपर्यंत मधे सोळा गावं लागतात. या गावांची नावं वाचताना मी थबकलो. शेवटाकडे सुतप्तभवन येतं, नावाप्रमाणे भाजून काढणारं. मग रौद्र. मग पयोवर्षण, जिथे ढग प्रवाशाला झोडपून काढतात. आणि त्यापुढे शीताढ्य, जिथे हिमालयाच्या शंभरपट थंडी. ऊन, पाऊस, थंडी! आमच्या मराठवाड्याचं वर्ष याच क्रमाने जातं. ग्रंथकर्त्याच्या मनात ऋतू होते की नुसत्या यातना, हे पंडितांनी ठरवावं. पण हा प्रवास वर्षभराचा आहे, दर महिन्याच्या मासिक श्राद्धातून वाटेत शिदोरी पोचते आणि वर्षश्राद्धाशी तो संपतो. सहाही ऋतू अंगावर घेतल्याशिवाय मेलेल्याची सुटका नाही.

तेराव्याला छत्री, जोडा आणि तांब्या का देतात, याचं उत्तर इथे मिळतं. आखितीचा करा त्याच यादीतला. आमच्या भागात वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. अशा दिवसांत पाण्याचा सण ठेवणाऱ्या माणसांना परलोकाची माहिती असो-नसो, हवामानाची पक्की होती. उद्या कोणी हौशी विक्कन सेनगाव तालुक्यात येऊन 1 मेला बेल्टेनची शेकोटी पेटवू म्हणाला, तर गाव त्याला आधी सावलीत बसवून ताक पाजेल.

गरुडपुराण जाण्याची वाट सांगतं. परतीची वाट त्याच्याहून फार जुन्या छांदोग्य उपनिषदात आहे आणि ती तर शेतकऱ्यानेच सांगितल्यासारखी. प्रवाहण जैवली नावाचा राजा श्वेतकेतूच्या बापाला ही पंचाग्निविद्या शिकवतो. धुराच्या वाटेने गेलेला जीव दक्षिणायनाच्या सहा महिन्यांतून पितृलोकात आणि तिथून चंद्रावर पोचतो. पुण्य सरलं की आकाशात, वाऱ्यात, धुरात, मग ढगात उतरतो आणि पाऊस होऊन पडतो. मग तांदूळ, जव, झाडंझुडपं, तीळ, उडीद यांच्या रूपाने उगवतो. पुढे कोणीतरी ते धान्य खावं, तेव्हा गर्भाची शक्यता. उपनिषद बजावतं की सगळ्यांत अवघड सुटका इथूनच आहे, धान्यातून. या ठिकाणी मला दर वेळी हसू येतं. तीळ-उडीद ही आमची खरिपाची पिकं, पण आता पुसेगावच्या शिवारात नजर जाईल तिथे सोयाबीन, आणि सोयाबीन त्या यादीत नाही. उडदाचा पेरा असाच घटत गेला तर जीवांनी उतरायचं कुठे?

विनोद सोडा. पण हे वाचल्यावर भाद्रपद-आश्विनाच्या सांध्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. पितरपाटात मूग-उडीद नुकते घरात आलेले असतात. वडे त्याच उडदाचे. बापाच्या तिथीला गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला पितर म्हणून पाटावर बसवायचं, आईच्या नावाने अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालायची. साविनच्या मुक्या जेवणात मृताची जागा रिकामी असते. आमच्याकडे त्या जागी खराखुरा माणूस बसतो, भाजीत मीठ कमी असेल तर सांगतो आणि दक्षिणा घेऊन घरी जातो. मला आमची रीत जास्त आवडते. सर्वपित्री अमावास्येला सगळ्यांची पाठवणी होते. आणि दुसऱ्याच सकाळी, अगदी दुसऱ्याच, घरात शेतातली माती येते, घटाभोवती पसरते आणि तिच्यात धान्य पेरलं जातं. पितर गेले, बी पडलं. नऊ दिवसांत कोंब वर येतात आणि दसऱ्याला टोपीत खोवले जातात. हिंगोलीचा दसरा दीडशे वर्षांहून जुना, पण त्या गर्दीत टोपीत डुलणाऱ्या पिवळट कोंबांकडे बघत मी उपनिषदातल्या ओळी जुळवत राहतो. हे दोन सण शेजारी का आले याचा पंचांगी खुलासा मला माहीत आहे: वद्य पक्ष संपला की शुद्ध पक्ष लागायचाच. तरीही.

दिवाळीतही पितर आहेतच, फटाक्यांच्या आवाजात आपण त्यांना विसरतो. धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा, चतुर्दशीला यमतर्पण, आणि परतीच्या वाटेवरच्या पितरांना उजेड म्हणून उल्का दाखवण्याची धर्मशास्त्रातली रीत. 2024 साली नरक चतुर्दशी नेमकी 31 ऑक्टोबरला, साविनच्या दिवशी आली होती. तिकडे भोपळ्यात दिवा, इकडे कारीट फोडून अभ्यंगस्नान. सौर आणि चांद्र पंचांगाचा हा योगायोग, त्यातून अर्थ काढू नये.

एका बाबतीत मात्र विक्कन मंडळी आपल्याहून काटेकोर. त्यांचं यूल खऱ्या अयनाला, 21-22 डिसेंबरला असतं. आपण मकरसंक्रांतीला उत्तरायण म्हणतो आणि ती आता 14-15 जानेवारीला येते. अयनचलनामुळे तीन आठवड्यांहून जास्त अंतर पडलंय. उत्तरायणाची वाट पाहत शरशय्येवर 58 रात्री काढणाऱ्या भीष्मांनी आज कोणतं उत्तरायण धरलं असतं? हा प्रश्न मी गावातल्या एका कीर्तनकारांना विचारला. त्यांनी पंचांगाच्या वादात पडायला साफ नकार दिला. म्हणाले, ‘तुम्ही नरसीच्या इतक्या जवळ राहता आणि अयन विचारता?’

तेव्हा कळलं नाही, घरी येऊन तिथ्या काढल्या. गीतेचा आठवा अध्याय सांगतो की दक्षिणायनात, वद्य पक्षात जाणारा परत येतो. त्याच गीतेवर टीका लिहून, जो एकरूप झाला त्याला वाटेची आणि वेळेची चिंता नाही, असं सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांची समाधी 1296 सालची, कार्तिक वद्य त्रयोदशी. दक्षिणायन, वद्य पक्ष. ज्यांचं जन्मगाव म्हणून आमच्या जिल्ह्यातली नरसी मिरवते, त्या नामदेवांची 1350 सालची, आषाढ वद्य त्रयोदशी. तेही दक्षिणायन, तोही वद्य पक्ष, आणि ऐन पावसाळा. शिवाय नामदेवांनी मागितली ती पंढरपूरच्या महाद्वारातली पायरी, जिथून पुढे कुठे जायचंच नाही.