साखळी आणि बाद : एका लहान क्रीडामंडळाचा बास्केटबॉल-हंगाम

क्रीडास्पर्धेचा निकाल लावण्याच्या दोन पद्धती सर्वांच्या परिचयाच्या आहेत. साखळी पद्धतीत प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी खेळतो आणि सर्व सामन्यांच्या बेरजेवरून क्रम ठरतो. बाद पद्धतीत हरणारा संघ तत्काळ स्पर्धेबाहेर जातो. आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत बहुधा दुसरी पद्धत योजली जाते. अमेरिकेतील लहान महाविद्यालयांच्या क्रीडामंडळांत मात्र या दोन्ही पद्धती एकाच हंगामात एकीमागून एक वापरल्या जातात. त्यामुळे ‘यंदाचा श्रेष्ठ संघ कोणता?’ या एकाच प्रश्नाची एकाच वर्षी दोन भिन्न उत्तरे मिळू शकतात. यांपैकी कोणत्या उत्तरावर किती विश्वास ठेवावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. त्यासाठी ‘न्यू इंग्लंड स्मॉल कॉलेज अ‍ॅथ्लेटिक कॉन्फरन्स’ या मंडळाचा बास्केटबॉल-हंगाम नमुना म्हणून घेतला आहे.

प्रथम मंडळाची घडण पाहू. १९५५ साली अ‍ॅमहर्स्ट, बोडन, वेस्लीयन आणि विल्यम्स या चार महाविद्यालयांनी आपापसांतील क्रीडासंबंधांविषयी एक करार केला. त्या करारातून १९७१ मध्ये हे मंडळ उभे राहिले. आज त्यात अकरा संस्था आहेत. मेन राज्यातील बेट्स, बोडन व कोल्बी, व्हरमाँटमधील मिडलबरी, मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स व टफ्ट्स, कनेक्टिकटमधील ट्रिनिटी, वेस्लीयन व कनेक्टिकट कॉलेज, आणि न्यूयॉर्क राज्यातील हॅमिल्टन. यांपैकी बहुतेक संस्था केवळ पदवीपूर्व शिक्षण देणाऱ्या असून त्यांची विद्यार्थिसंख्या दोन-तीन हजारांच्या आसपास असते. राष्ट्रीय क्रीडासंघटनेच्या तिसऱ्या श्रेणीत त्या मोडतात. या श्रेणीचा मुख्य नियम असा, की खेळातील नैपुण्यासाठी कोणालाही शिष्यवृत्ती दिली जात नाही.

या प्रदेशाचे खेळाशी असलेले नाते जुने आहे. डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने बास्केटबॉल हा खेळ प्रथम बसविला तो मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे. पुढच्याच वर्षी जवळच्या नॉर्दॅम्प्टन गावी, स्मिथ या स्त्रियांच्या महाविद्यालयात, सेंडा बेरेन्सन यांनी त्याचे नियम बदलून तो विद्यार्थिनींना शिकविला. संस्थांमधील चुरसही अशीच जुनी आहे. १८२१ मध्ये विल्यम्सचे तत्कालीन अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर हे काही विद्यार्थ्यांसह बाहेर पडले आणि अ‍ॅमहर्स्टचे पहिले अध्यक्ष झाले. या दोन महाविद्यालयांमधील सामन्याला आजही जे महत्त्व येते, त्याच्या मुळाशी ही फारकत आहे.

आता हंगामाचा क्रम पाहू. नियमित सराव १ नोव्हेंबरपूर्वी सुरू करावयाचा नाही, असा नियम मंडळाने दीर्घकाळ पाळला. त्याच श्रेणीतील इतर अनेक महाविद्यालये त्यापूर्वीच सरावाला लागत. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत मंडळाबाहेरील संघांशी सामने होतात. हे सामने मंडळाच्या गुणतक्त्यात धरले जात नाहीत; परंतु पुढे राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड होते तेव्हा त्यांचा विचार होतो. मध्यंतरी सत्रपरीक्षा येतात व खेळ थांबतो. जानेवारीच्या आरंभी मंडळांतर्गत साखळी सुरू होते. त्या वेळी कित्येक महाविद्यालयांत नेहमीचे वर्ग भरत नसतात. विल्यम्स, मिडलबरी व कोल्बी येथे जानेवारीत एकाच विषयाचे छोटे सत्र असते, तर इतरत्र सुटी चालू असते. म्हणून पहिले काही सामने अर्ध्या रिकाम्या प्रेक्षागारात होतात. साखळी फेब्रुवारीच्या मध्यास संपते, त्यानंतर मंडळाची बाद स्पर्धा होते आणि मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धा भरते.

साखळी एकेरी आहे. २०११-१२ मध्ये हॅमिल्टन या खेळासाठी मंडळात आले, तेव्हापासून प्रत्येक संघाचे दहा सामने होतात आणि सर्व मिळून ५५. तत्पूर्वी दहा संघ होते व प्रत्येकाला नऊ सामने मिळत. दहांपैकी पाच सामने स्वगृही आणि पाच परगृही खेळावयाचे असतात. ते बहुधा शुक्रवारी सायंकाळी व शनिवारी दुपारी असे जोडीने ठेवले जातात, म्हणजे एकाच प्रवासात दोन संघांशी गाठ पडते आणि आठवड्यातील तासिका शक्य तितक्या कमी बुडतात. या व्यवस्थेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. हॅमिल्टनच्या संघाला कोल्बीला जाण्यासाठी रस्त्याने सहाशे किलोमीटरांहून अधिक अंतर काटावे लागते. बोडन व कोल्बी मात्र एकाच राज्यात आहेत. शिवाय, कोणत्या प्रतिस्पर्ध्याशी यंदा आपल्या घरी खेळावयाचे हे वेळापत्रकावर अवलंबून असते आणि पुढील वर्षी ते उलटते. दोन बलवान संघ एका वर्षी आपल्या मैदानावर आले तर तक्त्यात तो लाभ दिसतो. त्याचे कारण मात्र दिसत नाही.

येथे अभ्यासकाची गल्लत होऊ शकेल अशी आणखी एक गोष्ट आहे. अ‍ॅमहर्स्ट, वेस्लीयन आणि विल्यम्स हे तीन जुने प्रतिस्पर्धी परस्परांशी वर्षातून दोनदा खेळत आले आहेत. मेनमधील तिघांचीही प्रथा तीच. परंतु या दोन सामन्यांपैकी एकच मंडळाच्या साखळीत धरला जातो. प्रेक्षकांच्या दृष्टीने दोन्ही सामने सारख्याच ईर्ष्येचे असतात. तक्त्याच्या दृष्टीने त्यांतील एक झालाच नाही!

दहा सामन्यांच्या या तक्त्यावरून किती निष्कर्ष काढता येतो? एक ढोबळ गणित करून पाहू. सर्व अकरा संघ अगदी तुल्यबळ आहेत आणि प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा आहे, असे क्षणभर समजू. तरीही तक्ता सपाट येणार नाही. एखाद्या संघाला दहांपैकी सात वा अधिक विजय मिळण्याची संभाव्यता १०२४ मध्ये १७६, म्हणजे सुमारे १७ टक्के येते. अकरा संघांचा विचार करता असे सरासरीने जवळजवळ दोन संघ दरवर्षी निघतील. त्यांची छायाचित्रे छापली जातील, त्यांच्या मार्गदर्शकांच्या पद्धतीवर चर्चा होईल; आणि आपल्या गृहीतानुसार ते इतरांहून तिळभरही सरस नसतील. पहिल्या आठवड्याअखेर दोन्ही सामने जिंकलेला संघ पाहून जे अंदाज बांधले जातात, त्यांची तर गोष्टच नको; सामान्य संघालाही तसे यश चारांत एकदा मिळते.

उलट बाजूने विचार केला तरी हेच दिसते. एखादा संघ खरोखरच सरस असून दीर्घकाळात शंभरांपैकी साठ सामने जिंकील, असे धरू. तो सामान्य संघाहून निश्चितपणे वेगळा आहे असे म्हणण्यासाठी प्रचलित सांख्यिकीय कसोटीनुसार सुमारे शंभर सामने हवेत. दरवर्षी दहा या हिशेबाने शंभर सामने भरण्यास दहा हंगाम लागतील. विद्यार्थी महाविद्यालयात असतो चार वर्षे. म्हणजे जो संघ मोजावयाचा, तो मोजणी पुरी होण्यापूर्वीच पदवी घेऊन निघून गेलेला असतो. म्हणूनच अनुभवी निरीक्षक केवळ जयपराजय न पाहता गुणांतील फरकही पाहतात. दोन गुणांनी जिंकलेले पाच सामने आणि वीस गुणांनी जिंकलेले पाच सामने तक्त्यात सारखेच दिसतात, परंतु पुढील भाकितासाठी त्यांचे मोल सारखे नसते.

साखळीची ही स्थिती, तर बाद स्पर्धेची काय असेल? मंडळाने २०००-०१ च्या हंगामापासून आपली अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली. २०११-१२ नंतरच्या अनेक हंगामांत अकरापैकी पहिल्या आठ संघांना तीत प्रवेश मिळत असे. विजेत्याला सलग तीन सामने जिंकावे लागत. आता एखादा संघ इतका बलवान आहे, की कोणत्याही प्रतिस्पर्ध्याविरुद्ध त्याच्या विजयाची संभाव्यता ७० टक्के आहे, असे समजा. सलग तीन विजयांची संभाव्यता ३४ टक्केच येते. म्हणजे साखळीत स्पष्टपणे पहिला आलेला संघ तीनांपैकी दोन वेळा अजिंक्यपदाला मुकेल. याच अजिंक्यपदामुळे राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. इतरांना निवडसमितीच्या निर्णयाची वाट पाहावी लागते.

राष्ट्रीय स्पर्धेच्या इतिहासात याची उदाहरणे आढळतात. २००३ मध्ये विल्यम्सच्या पुरुष संघाने गस्टाव्हस अडॉल्फसचा ६७-६५ असा पराभव करून अजिंक्यपद मिळविले. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिन-स्टीव्हन्स पॉइंटकडून तो अंतिम सामन्यात ८४-८२ असा हरला. २०१४ मध्ये विल्यम्स आणि अ‍ॅमहर्स्ट दोघेही राष्ट्रीय स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत पोहोचले आणि तेथे परस्परांसमोर आले. थेट प्रवेश एकाच संघाला मिळत असल्याने त्यांपैकी निदान एकाला तरी समितीने निवडले असले पाहिजे, हे उघड आहे. विल्यम्सने तो सामना जिंकला. अंतिम सामन्यात मात्र विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरने त्याला ७५-७३ असे हरविले. तिन्ही वेळी अंतर दोन गुणांचे, म्हणजे एका टोपलीचे होते. एवढ्या अंतरावरून एका वर्षी इतिहास घडला आणि दोन वर्षी निसटला. त्या २०१४ च्या संघात प्रथम वर्षाचा विद्यार्थी असलेला डंकन रॉबिन्सन पुढे मिशिगन विद्यापीठात गेला व तेथून व्यावसायिक खेळात पोहोचला. तो अपवाद होय. बहुतेकांचा स्पर्धात्मक खेळ पदवीबरोबरच संपतो.

तथापि, सर्वच योगायोग आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. अ‍ॅमहर्स्टचा स्त्रियांचा संघ २०१६-१७ आणि २०१७-१८ या दोन्ही हंगामांत अपराजित राहिला. प्रत्येक हंगामात ३३ सामने आणि ३३ विजय. प्रत्येक सामन्यात ९५ टक्के संभाव्यता धरली तरी सलग ६६ विजय मिळण्याची शक्यता जेमतेम तीन टक्के येते. येथे दैवाचा हवाला देऊन भागत नाही. संघ असामान्य होता असेच म्हणावे लागते. राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्याने २०१७ मध्ये टफ्ट्सला ५२-२९ आणि २०१८ मध्ये बोडनला ६५-४५ असे हरविले. हे दोन्ही पराभूत संघ याच मंडळातील आहेत, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. अ‍ॅमहर्स्ट एकही सामना हरले नव्हते. अर्थात मंडळाचे अजिंक्यपदही त्याच्याचकडे होते. म्हणजे सलग दोन वर्षे देशात दुसरा आलेला संघ स्वतःच्या मंडळात अजिंक्य नव्हता. मंडळाची खरी उंची त्याच्या विजेत्याइतकीच अशा उपविजेत्यांवरूनही मोजावी लागते.

मग सामने वाढवून ही अनिश्चितता कमी का करू नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. साखळी दुहेरी केली तर प्रत्येकास वीस सामने मिळतील, घर-परघराचा अन्यायही दूर होईल. पण वीस सामने म्हणजे आणखी पाच शुक्रवार-शनिवार, आणखी प्रवास आणि बुडालेल्या आणखी तासिका. महाविद्यालयीन खेळ शिक्षणाच्या उद्दिष्टाशी सुसंगत असावा आणि त्याचे धोरण संस्थांच्या अध्यक्षांच्या हाती असावे, या तत्त्वावरच हे मंडळ स्थापन झाले आहे. याच तत्त्वापायी आपल्या संघांना राष्ट्रीय स्पर्धेत उतरू देण्यासही मंडळाने १९९३ पर्यंत अनुमती दिली नव्हती. म्हणून तक्त्यातील अनिश्चितता हा व्यवस्थेचा प्रमाद नव्हे. खेळाला मर्यादा घालण्याचा जो निर्णय जाणूनबुजून घेतला, त्याचे ते मूल्य आहे. अचूक मोजमाप हवे असेल तर विद्यार्थ्याचा अधिक वेळ खर्चावा लागेल. विद्यार्थ्याचा वेळ राखावयाचा असेल तर मोजमाप ढोबळच राहील.

ही मर्यादा किती टोकाला जाऊ शकते हे साथीच्या काळात दिसले. १२ मार्च २०२० रोजी राष्ट्रीय स्पर्धा अर्ध्यावर रद्द झाली. पुढील २०२०-२१ च्या हिवाळी हंगामात मंडळाने आपल्या स्पर्धाच भरविल्या नाहीत. त्या वर्षीच्या अखेरच्या वर्गातील खेळाडूंसाठी तक्ता कोराच राहिला.

तात्पर्य, अशा मंडळाचा हंगाम अभ्यासणाऱ्याने तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. साखळीतील क्रम हा बलाबलाचा अंदाज आहे, निर्णय नव्हे. बाद स्पर्धेचे विजेतेपद हा मान आहे, मापन नव्हे. आणि या दोहोंमागे हंगाम किती लांब असावा याविषयीचा जो निर्णय असतो, तो क्रीडाविषयक नसून शैक्षणिक असतो. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची पद्धत ठरविताना साखळी की बाद हा वाद निघतो, तेव्हा न्याय आणि खर्च यांचीच चर्चा होते. विद्यार्थ्याच्या वेळाची चर्चा तितक्याच गांभीर्याने व्हावी, एवढे तरी या दूरच्या उदाहरणावरून घेण्यासारखे आहे.