हलक्या मोटारीला इंजिन कोणते?

पिंपळगाव राजाच्या एका तरुण मिस्तरीने लोखंडी चौकोनी नळ्यांचा एक सांगाडा वेल्डिंग करून उभा केला आहे. लांब नाक, दोघांपुरती जागा, वर छप्पर नाही. नमुना घेतला आहे तो ‘लोटस सेव्हन’ या इंग्रजी मोटारीचा. कापसाच्या पैशातून त्याने भंगारातले मारुती ८०० चे इंजिन गिअरबॉक्ससकट आणले, आणि आता ते काही केल्या त्या नाकात बसेना. “सर, इंजिन तर ठणठणीत आहे, मग घोडे पेंड खाते कुठे?” असे तो मला विचारीत होता.

इंजिनात दोष नव्हता. दोष होता दिशेत. लोटस सेव्हन १९५७ साली निघाली. तिचे इंजिन पुढे, उभे म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते. त्याच्या पाठीला गिअरबॉक्स, मग लांब प्रोपेलर शाफ्ट आणि शेवटी मागचा आस. गाडी ढकलतात ती मागची चाके. मारुती ८०० चे इंजिन बसते आडवे. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल त्याला चिकटलेले, आणि ओढतात पुढची चाके. बैल गाडीच्या मागे जुंपावा तसा हा प्रकार झाला!

हीच अडचण आपल्याच राज्यात अलिबागजवळ कार्लेखिंड येथे ‘चिंकारा मोटर्स’ या छोट्या कारखान्यापुढे होती. त्यांनी लोटस सेव्हनच्या धर्तीवर ‘रोडस्टर’ बांधली. आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारी तोवर पुढच्या चाकांच्या झाल्या होत्या. मग उभे इंजिन आणायचे कोठून? त्यांनी घेतले इसुझू बनावटीचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन. हिंदुस्थान मोटर्सच्या काँटेसा आणि अँबॅसडर गाड्यांत बसत असे, तेच. जुन्या वळणाच्या गाडीचे काळीज नव्या हौसेला उपयोगी पडले ते असे.

पण इंजिन मिळाले म्हणजे सारे झाले, असे मात्र नाही. अँबॅसडर रिकामी असताना अकरा क्विंटलांच्या वर भरते. मूळ लोटस सेव्हन सुमारे पाच क्विंटल. अँबॅसडरमध्ये या इंजिनाची शक्ती सुमारे ७५ अश्वशक्ती, म्हणजे टनामागे साधारण ६५. उलट, मारुती ओम्नीचे ७९६ घनसेंटिमीटरचे, सुमारे ३५ अश्वशक्तीचे इंजिन पाच क्विंटलांच्या गाडीत घातले तर टनामागे ७० पडतात. तेव्हा मोठे इंजिन शोधण्याआधी सांगाड्यातले लोखंड कमी करावे, हे माझे स्पष्ट मत आहे. जड इंजिनाला जाड नळ्या, जाड नळ्यांना मोठे ब्रेक, असे ते वाढतच जाते.

आता गिअरचा हिशेब पाहू. ऑइल इंजिनाची लहान पुली आणि कडबा कापण्याच्या यंत्राची मोठी पुली आपण पाहिली आहे. वेग घटतो, ओढ वाढते. मोटारीत हेच काम दोनदा होते, एकदा गिअरबॉक्समध्ये आणि पुन्हा मागच्या आसातल्या डिफरन्शिअलमध्ये. गुरुजींनी फळ्यावर मांडावे असे हे गणित आहे. चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर धरा. एका फेऱ्यात गाडी सुमारे १८८ सेंटिमीटर जाते. इंजिन मिनिटाला ५००० फेरे फिरते आहे, गिअरबॉक्स सरळ एकास एक, आणि आसाचे प्रमाण पाचास एक. चाकाचे फेरे १०००, म्हणजे ताशी ११३ किलोमीटर. तोच आस चारास एकचा घातला तर चाकाचे फेरे १२५० आणि वेग ताशी १४१. ओढ मात्र पाचव्या हिश्शाने कमी झाली. जड गाडीला ही ओढ सोडून चालत नाही, हलक्या गाडीला चालते. म्हणून जड गाडीचा आस जसाच्या तसा हलक्या गाडीला लावला तर पहिला गिअर सुरू होताच संपतो, आणि मोठ्या रस्त्यावर इंजिन उगाच किंचाळत राहते. चाके लहान घेतली तर हा दोष आणखी वाढतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

क्लच, फ्लायव्हील आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतून घ्यावेत. क्लचप्लेटच्या मधल्या खाचा आणि गिअरबॉक्सच्या दांड्याचे दाते जुळले नाहीत, तर लेथवर होणारा खर्च इंजिनापेक्षा जास्त होतो. प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड केला तर त्याचा तोल यंत्रावर तपासून घेतलाच पाहिजे. नाहीतर वेगात तो थरथरतो, जॉइंट तुटतो, आणि तो दांडा फिरत असतो आपल्या मांडीशेजारी.

आमच्या मिस्तरीपुढे दोन वाटा होत्या. मारुतीचा संच तसाच्या तसा सीटमागे बसवून मागची चाके फिरवायची, ही एक. मग लोटसचे लांब नाक नुसते शोभेचे. दुसरी वाट म्हणजे तो संच विकून ओम्नीचा घ्यायचा. तिचे इंजिन त्याच घराण्यातले, पण उभे, आणि चालणारी चाके मागची. ओम्नीचे उत्पादन २०१९ साली थांबले, तरी भंगारात ती पुष्कळ सापडते. त्याने दुसरी वाट धरली.

एक गोष्ट मी त्याला आधीच सांगायला हवी होती. अशी घरची गाडी आपल्या शेतात चालविता येते. सार्वजनिक रस्त्यावर नोंदणीशिवाय नाही, आणि नोंदणीसाठी आधी अधिकृत संस्थेकडून नमुन्याची चाचणी लागते. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थांनी भंगारातून, किक मारून सुरू होणारी चारचाकी केली. ती २०२१ च्या डिसेंबरात देशभर गाजली. नियमांत बसत नसल्याने ती रस्त्यावरून हटवली जाईल, हे ओळखून उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि २०२२ च्या जानेवारीत ती दिलीही. आमच्या मिस्तरीने हे ऐकून घेतले, थोडा वेळ गप्प बसला, आणि मग म्हणाला, “शेत आमचं सात एकर आहे, सर. तेवढ्यात दुसरा गिअर तरी पडेल ना?”