उंदीर गेले, पेशी राहिल्या

लहानपणी टोचलेली लस मोठेपणीही उपयोगी पडते, कारण त्या रोगाची आठवण ठेवणाऱ्या टी-पेशी शरीरात राहतात. पण राहतात म्हणजे किती वर्षं? मी कॉम्प्युटर इंजिनिअर. आमच्याकडे प्रत्येक फाइलवर ती कधी तयार झाली याची नोंद असते. पेशीवर तसा शिक्का नसतो. शिवाय एक पेशी मरते, दुसरी विभागून तिची जागा घेते. वरून मोजलं तर आकडा तेवढाच!

म्हणून शास्त्रज्ञ पेशींवर खूण करतात. उंदराच्या पिण्याच्या पाण्यात एक रसायन मिसळलं, की त्या काळात विभागणाऱ्या पेशींच्या डीएनएमध्ये ते जाऊन बसतं. मग रसायन बंद करायचं आणि खुणेच्या पेशी किती उरतात ते बघत राहायचं. दुसरा मार्ग म्हणजे वेगळं जनुकीय चिन्ह असलेल्या पेशी एका उंदरातून काढून दुसऱ्यात सोडायच्या. पण उंदीर जगतो जेमतेम दोन-तीन वर्षं. पुढचं कसं मोजणार?

इथे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड मॅसोपस्ट यांच्या गटाने त्यावर रिले शर्यतीसारखा उपाय काढला. उंदराला लागोपाठ लसी द्यायच्या, वाढलेल्या टी-पेशी नव्या उंदरात सोडायच्या, पुन्हा लसी. असं 10 वर्षं चाललं, एकूण 51 वेळा लस दिली. 2023 मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष आले. पेशी अजूनही लसीला प्रतिसाद देत होत्या आणि त्यांची वाढही हाताबाहेर गेली नव्हती. अर्थात तीच एक पेशी दहा वर्षं जगली असं नाही, तिचा वंश टिकला. अट एकच, दोन लसींच्या मध्ये पुरेशी विश्रांती हवी. सतत लढायला लावलं तर याच पेशी थकतात, जुनाट संसर्गात आणि कॅन्सरमध्ये तसंच होतं. आयटीत ऑन-कॉल ड्यूटी करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

या मोजमापाचा आपल्याशी काय संबंध? कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत बदल करून, कॅन्सरशी लढायला परत सोडतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 2010 मध्ये हा उपचार घेतलेल्या ल्युकेमियाच्या दोन रुग्णांच्या शरीरात त्या पेशी दहा वर्षांनंतरही सापडल्या. आपल्या मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून घडलेल्या 'नेक्सकार19' या उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली.

आता परळला टाटाच्या आवारात थांबलेल्या नातेवाइकांचा प्रश्न असतो, "डॉक्टर, हे किती दिवस टिकेल?" त्याचं उत्तर बऱ्याच अंशी त्या पेशी किती काळ तग धरतात यावर आहे. म्हणून उंदरांमधली ही किचकट मोजणी करायची.