घड्याळ धावत नाही, चालतं

सकाळचे साडेसहा. नळाला पाणी आलंय. धाकट्याचं नाक वाहतंय, अंगात थोडा तापही आहे. रात्री भिजवलेल्या नव्या लाल कुर्त्याचा रंग गेलाय आणि तो नेमका शाळेच्या पांढऱ्या शर्टाला लागलाय. दूध संपलंय. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे, हाच काय तो दिलासा. आणि लोकल चालू आहेत की बंद, ते अजून फोनवर बघायचंय.

एवढं सांगायला मराठीला किती क्रियापदं लागली पाहा. पाणी येतं, नाक वाहतं, ताप असतो, रंग जातो, दूध संपतं, घड्याळ पुढे असतं, लोकल चालू असते. इंग्रज माणूस हे सगळं एका शब्दात उरकतो: रन. नळ रन, नाक रन, ताप रन, रंग रन, घड्याळही रन आणि लोकलही रन. दुधाच्या बाबतीत फक्त पुढे एक ‘आउट’ जोडायचा. आणि या सगळ्यात उशीर झाला म्हणून तो जिन्यावरून धावत सुटला, तरी शब्द तोच!

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशासाठी पीटर गिलिव्हर या संपादकांनी या एकाच क्रियापदाची नोंद नव्याने लिहायला घेतली, तेव्हा तिच्यात त्यांचे नऊ महिने गेले. बारीकसारीक पोटअर्थ धरून हाती आले ६४५ अर्थ. त्याआधी मान होता ‘सेट’ या शब्दाचा. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या क्रियापदाचे ४३० अर्थ मोजले गेले होते. आता ‘रन’ बराच पुढे आहे.

६४५ हा आकडा ऐकून पहिल्यांदा मला कोशकारांचाच संशय आला. एका शब्दाचे इतके अर्थ असतात, की ते पाडले जातात? ते कसे पाडतात, हे समजून घ्यायला या कोशाच्या सुरुवातीकडे जावं लागतं. १८७९ मध्ये जेम्स मरे संपादक झाले. पुढे ऑक्सफर्डला राहायला गेल्यावर घराच्या बागेत त्यांनी पत्र्याची एक खोली उभारली आणि तिथेच कोशाचं काम चाले. ठिकठिकाणचे हौशी वाचक पुस्तकं वाचताना एखादा शब्द टिपायचे आणि कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून पाठवायचे. डाव्या कोपऱ्यात शब्द. खाली साल, लेखक, पुस्तक, पान आणि ते पूर्ण वाक्य. अशा लाखो चिठ्ठ्या भिंतीवरच्या खणांमध्ये लागत. कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, शेवटचा १९२८ मध्ये. मरे त्याआधीच, १९१५ मध्ये गेले.

खरं काम चिठ्ठ्या आल्यावर सुरू व्हायचं. टेबलावर त्या पसरायच्या आणि त्यांचे गठ्ठे करायचे. एक गठ्ठा, एक अर्थ. ऐकायला सोपं वाटतं. आता तुम्हीच बसा त्या टेबलाशी. घड्याळ चालतं आणि खानावळ चालते. एकच गठ्ठा की दोन? घड्याळ किल्ली दिली की आपापलं चालतं. खानावळ कुणीतरी चालवावी लागते, म्हणजे दोन. बरं, नाटक चालतं, ते कुठे ठेवाल? ते चालवणारा निर्माता असतो, पण प्रेक्षक आले नाहीत तर तो कितीही चालवो, ते चालत नाही. झाला तिसरा गठ्ठा. इंग्रजीत या तिन्ही जागी ‘रन’ बसतो आणि मोजणारा काही खोटं करत नसतो. अर्थ पाडले जात नाहीत, ते वेगळे होऊ पाहत असतात आणि कोशकार त्यांना वाट करून देतो, एवढंच.

एवढे अर्थ एका शब्दाला चिकटले याचं मोठं श्रेय यंत्रयुगाला जातं. इंजिन, गिरणी, घड्याळ, मोटार आणि शेवटी संगणकातला प्रोग्रॅम या सगळ्यांसाठी इंग्रजीने नवा शब्द घडवला नाही. दोन पायांवर धावणाऱ्या माणसाचंच क्रियापद यंत्राला देऊन टाकलं.

पण दोन पायांपासून सुरुवात झाली असं म्हणताना जरा थांबायला हवं. या शब्दाचं जुनं इंग्रजी रूप आणि त्याची जर्मन भावंडं पाहिली, तर त्यात धावणं आहे तसंच वाहणंही आहे. आजच्या जर्मनमध्ये ‘रेनेन’ म्हणजे धावणं, तर ‘रिनेन’ म्हणजे ओघळणं, वाहणं. आणि ‘रिने’ म्हणजे पन्हळ! इंग्रजाचं नाक ‘धावतं’ म्हणून आपण हसतो, पण ते नाक त्या शब्दाच्या जुन्या घरातलंच आहे. उपरं असेल तर घड्याळ.

आणि हसण्याआधी आपलं घरही पाहून घ्यावं. संस्कृतमधला ‘द्रु’ हा धातू धावण्याचाही आहे आणि वितळण्याचाही. म्हणून गवयाची द्रुत लय, विज्ञानाच्या पुस्तकातला द्रव आणि आईचं द्रवलेलं मन हे तिघं एकाच गोत्रातले. ज्या ‘धाव्’वरून आपलं धावणं आलं, त्याला पाणिनीय परंपरेतला धातुपाठ दोन अर्थ देतो: गती आणि शुद्धी. धावणं आणि धुणं! धुतलेल्याला ‘धौत’ म्हणतात ते त्यातूनच. पाणी वाहतं तेही धाव्, त्या पाण्यात कपडे धुतले तेही धाव्.

भाषांतराची खरी गंमत मात्र पुढेच आहे. इंग्रजी जिथे धावते तिथे मराठी बहुतेक वेळा चालते. यंत्र चालतं, दुकान चालतं, सरकार चालतं, खटला चालतो, श्वास चालतो, हातावरचं पोटही कसंबसं चालतं. वर्तमानपत्रं ‘रविवारी जादा लोकल धावणार’ असं छापतात, ते ‘रन’चं सरळ भाषांतर. पण फलाटावर उभा असलेला माणूस शेजाऱ्याला ‘गाड्या धावतायत का हो?’ असं कधी विचारत नाही. ‘गाड्या चालू आहेत ना?’ असंच विचारतो.

निवडणुकीत तर तीन देशांच्या तीन तऱ्हा. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी धावतो. ब्रिटनमधला, भाषा तीच असून, उभा राहतो. आपला आधी उभा राहतो, मग लढतो आणि कुणी समजूत घातली की ‘बसतो’. ‘उभा होता, पण बसला’ या चार शब्दांत अर्ज भरण्यापासून मागे घेण्यापर्यंतचं सगळं आलं. याचं इंग्रजी करायला एक परिच्छेद लागेल.

क्रिकेटमध्ये मात्र मराठीने ‘रन’ला शब्दशः उचललं आणि तिथे ते शोभलं. धाव, धावसंख्या, धावफलक, धावबाद. ‘धावबाद’ तर मला मूळ शब्दापेक्षाही सरस वाटतो. षटकार मारल्यावर कुणी पाऊलही टाकत नाही, तरी फलकावर सहा धावा लागतात, हेही आपण निमूट मान्य केलं. फक्त तोच शब्द घेऊन स्वयंपाकघरात शिरू नये, नाहीतर दूध धावबाद होईल.

आता उलट दिशेने बघू. इंग्रजी ‘रन’ मोजायला नऊ महिने लागले. आपलं ‘चालणं’ मोजायला कुणी बसलं तर? नळ चालू असतो, वर्ष चालू असतं, बँकेतलं खातं चालू असतं आणि एखादा माणूसही ‘चालू’ असतो. त्याला खातेदार करून घेताना जपावं. गाण्याला चाल असते, बुद्धिबळात चाल असते, फौज चालून येते. कुणाला हाकलायचं तर ‘चालता हो’. आणि कुणी चालता-बोलता गेला, की आपण क्षणभर गप्प होतो.

शिवाय इंग्रजी ‘रन’ कितीही धावला तरी जिथे पोचू शकत नाही, अशी एक जागा या क्रियापदाकडे आहे. ‘साखर कमी चालेल?’ ‘चालेल.’ ‘त्यांना कांदा-लसूण चालत नाही.’ ‘उद्या आलो तर चालेल ना?’ यात कुणीच कुठे जात नाही. परवानगी, पसंती, तडजोड, पथ्य, भीड, कधी कधी नाराजीसुद्धा, सगळं त्या एका ‘चालेल’मध्ये मावतं. नेमकं काय आहे ते फक्त आवाजावरून कळतं, आणि आवाज चिठ्ठीवर लिहिता येत नाही.

एक करून बघा. उद्या सकाळपासून रात्रीपर्यंत घरातलं प्रत्येक ‘चालेल’, ‘चालतं’, ‘चालू’ एकेका चिठ्ठीवर टिपा, पूर्ण वाक्यासकट. रात्री जेवणाच्या टेबलावर गठ्ठे लावा. पायांनी चालण्याचा गठ्ठा बहुधा सगळ्यात बारका निघेल.