धोरण कोणापर्यंत पोहोचते?

रिझर्व्ह बँकेने रेपो दर उतरविला की वर्तमानपत्रांत ‘कर्जे स्वस्त होणार’ असे छापून येते आणि आमच्या काउंटरवर विचारणा सुरू होते, ‘साहेब, आमचा हप्ता कधी कमी होणार?’ प्रश्न रास्त आहे.

रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना अल्प मुदतीसाठी ज्या दराने पैसा देते तो दर. महागाई भडकली की तो वाढवायचा, व्यवहार थंडावले की उतरवायचा, हे पतधोरणाचे मुख्य हत्यार होय. 2016 पासून हा निर्णय सहा सदस्यांची समिती घेते. मे 2022 च्या आरंभी 4 टक्के असलेला हा दर फेब्रुवारी 2023 मध्ये 6.50 टक्क्यांवर गेला आणि 2025 साली 5.25 टक्क्यांपर्यंत खाली आला.

परंतु बँकांनी ठेवी आधीच्या दराने घेतलेल्या असतात. त्यामुळे दरवाढ ग्राहकाकडे तत्परतेने जाई, दरकपात मात्र रेंगाळे. म्हणून ऑक्टोबर 2019 पासून बदलत्या व्याजाची नवी गृहकर्जे व लघुउद्योगांची कर्जे रेपोसारख्या बाहेरील दराशी जोडणे बँकांवर बंधनकारक झाले. दहा लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जावर व्याज 9 वरून 8 टक्के झाले, तर हप्ता सुमारे 630 रुपयांनी घटतो. ज्यांचे कर्ज त्यापूर्वीचे आहे त्यांनी नव्या पद्धतीत जाण्यासाठी बँकेकडे स्वतः अर्ज करावा. तो न करणारेच पुष्कळ.

हे झाले पगारदारांचे. वस्तीतील ज्या भगिनी सूक्ष्म वित्त कंपनीचे कर्ज घेतात, त्यांचा व्याजदर बहुधा ठरीव असतो. रेपो उतरला तरी त्यांचा हप्ता तोच! महागाई आटोक्यात राहिली तर मात्र खरा लाभ त्यांनाच, कारण त्यांना महागाई भत्ता नाही. बाबासाहेबांनी 1923 च्या रुपयावरील ग्रंथात देशांतर्गत किमतींच्या स्थैर्यावर भर दिला, तो आम्हास याच दृष्टीने महत्त्वाचा वाटतो.

हीच कसोटी कामाच्या ठिकाणच्या स्त्री-पुरुष समानतेला लावून पाहू. समान वेतनाचा कायदा 1976 साली झाला. बँकेत वेतनश्रेणी करारानेच ठरते, म्हणून स्त्री व पुरुष लिपिकाच्या पगारात एका रुपयाचाही फरक नसतो. पण बढतीबरोबर बदली येते, आणि घर सांभाळण्याचे काम वाटून घेतलेले नसल्याने कितीतरी कर्तबगार भगिनी बढतीच नाकारतात. नियम समान, किंमत मात्र एकीनेच मोजायची.

प्रसूती रजेचे उदाहरण याहून बोलके आहे. 2017 साली पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा 12 वरून 26 आठवडे करण्यात आली. सुधारणा निःसंशय चांगली. परंतु जेथे कामगार विमा लागू नाही, तेथे या रजेचा पगार मालकानेच द्यावयाचा असतो. मग छोटा मालक मुलाखतीतच ‘लग्न झाले का?’ असे विचारतो आणि जागा पुरुषाला देतो. 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हा भार मुख्यतः सरकारने उचलावा असे प्रतिपादन केले होते. पुढच्या वर्षी कायदा झाला, पण भार मालकावरच राहिला. तोच घोळ आपण अद्याप निस्तरत आहोत.

आणि धुणीभांडी करणारी किंवा भाजी विकणारी आई? तिला ही 26 आठवड्यांची रजा देणार कोण! तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास 6,000 रुपये मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे, परंतु ती थेट आईच्या खात्यात जमा होते. त्यासाठी तिचे स्वतःचे, आधारशी जोडलेले खाते हवे. नवऱ्याचे चालत नाही. नोंदणी अंगणवाडी सेविकेकडे होते. आपल्या शेजारी अशी कोणी भगिनी असल्यास विद्यार्थी मित्रांनी तिचा अर्ज भरून द्यावा.