ज्वारीतले पतंग आणि कपाशीचे राखणदार

घरात अळ्या पाळा, असा सल्ला कुणी दिला तर घरातली बाई त्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावील. ज्वारीत जाळे धरले की ती चाळायची, उन्हात घालायची, अळी कोंबड्यांपुढे टाकायची, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. पण याच अळ्या मुद्दाम वाढवणारे, त्यांच्यासाठी धान्य भरडणारे आणि त्या कमी निघाल्या तर हळहळणारे लोकही आहेत. का, ते आज पाहू.

युरोप-अमेरिकेत हौसेने सरडे पाळणारी मंडळी त्यांच्या खाण्यासाठी घरी रातकिडे आणि पिठातल्या अळ्या वाढवतात. आपल्याकडे ती हौस नको. घोरपड, कासव, साप यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे आणि त्यांना धरून घरात कोंडणे हा गुन्हा आहे. शिक्षकबंधूंनो, प्रयोगशाळेतल्या काचेच्या पेटीतसुद्धा नको, बरं का. आपल्याला दुसऱ्याच एका जिवाला पोसायचे आहे.

त्याचे नाव ट्रायकोग्रामा. ही गांधीलमाशीच्या गोतातली, पण आकाराने अर्धा मिलिमीटर. ती माणसाला चावत नाही आणि पिकालाही शिवत नाही. बोंडअळीच्या किंवा उसाच्या खोडकिडीच्या अंड्यात ती आपले अंडे घालते. आतले पिल्लू ते अंडे खाऊन वाढते आणि अळीच्या जागी नवी माशी बाहेर पडते. म्हणजे शत्रू जन्मायच्या आधीच संपतो.

हे महत्त्वाचे का, ते हिंगोलीच्या कापूस उत्पादकाला सांगायला नको. गुलाबी बोंडअळी पात्यांवर, फुलांवर, बोंडांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी बाहेर येते, बोंडात शिरते आणि भोक बुजून जाते. मग वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. 2017 साली राज्यात या अळीने हाहाकार केला. त्याच हंगामात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अळी बोंडात सुरक्षित आणि माणूस बाहेर विषात, असा उलटा हिशेब झाला. अंडी अवस्थेतच गाठणारा राखणदार म्हणून मोलाचा.

आता अडचण अशी की ही माशी वाढवायला रोज हजारो अंडी लागतात, आणि बोंडअळीची अंडी एवढी आणणार कुठून? इथे आपला ज्वारीतला पतंग कामी येतो. शास्त्रज्ञ त्याला कॉर्सिरा म्हणतात. तो धान्यावर जगतो, डब्यात वाढतो, आणि त्याची अंडी ट्रायकोग्रामाला चालतात.

रीत अशी. ज्वारी भरडून एका दाण्याचे तीन-चार तुकडे करायचे, पीठ नाही करायचे. एका पेटीला अडीच किलो भरडा. तो आधी चांगला तापवून घ्यायचा, म्हणजे त्यात अगोदरच असलेले किडे मरतात. गार झाल्यावर शंभर ग्रॅम शेंगदाण्याचा कूट, पाच ग्रॅम यीस्ट आणि पाच ग्रॅम गंधकाची भुकटी मिसळायची. गंधक बारीक कोळ्यांना आवर घालण्यासाठी. बुरशी-जंतू टाळण्यासाठी प्रयोगशाळांत थोडे प्रतिजैविकही घालतात. मग अर्धा घनसेंटिमीटर अंडी वर भुरभुरायची आणि पेटी कापडाने घट्ट बांधायची. एका घनसेंटिमीटरमध्ये सुमारे 16 ते 18 हजार अंडी मावतात, त्यावरून ती केवढी बारीक असतील, याची कल्पना करा!

यापुढे चाळीसेक दिवस वाट पाहण्याचे काम. अळ्या भरड्यात जाळी विणतात, कोष करतात आणि मग रोज थोडेथोडे पतंग निघू लागतात. ते गोळा करून खाली जाळी लावलेल्या डब्यात सोडायचे आणि मधाच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा टांगायचा. अंडी जाळीतून खालच्या कागदावर पडतात. पतंगाच्या पंखांचे खवले हवेत उडतात आणि त्यांनी दम लागतो, म्हणून नाकातोंडाला फडके बांधल्याशिवाय डबा उघडू नये. दम्याच्या माणसाने तर या खोलीत पाऊलच ठेवू नये.

चाळून स्वच्छ केलेली अंडी डिंकाने जाड कागदावर चिकटवतात. तत्पूर्वी त्यांना अतिनील दिव्याखाली ठेवून आतला जीव मारतात. नाही तर अळी निघते आणि शेजारची सगळी अंडी फस्त करते. हा दिवा डोळ्यांना घातक आहे, तो मुलांच्या हाती देण्याची वस्तू नव्हे. मग माशा असलेले एक कार्ड अशा सहा ताज्या कार्डांबरोबर पिशवीत बंद करायचे. तीन-चार दिवसांत पांढरी अंडी काळी पडतात. काळी पडली म्हणजे माशी आत बसली. भिंग लावून ही काळी अंडी वर्गात दाखवा. परजीवी म्हणजे काय, हे फळ्यावर तासभर सांगून कळत नाही ते मुलांना एका नजरेत कळेल.

हे सारे एका घरात जमेल का? माझे मत सांगतो. ज्वारीच्या पेट्या सांभाळणे जमेल, आपल्या बायकांना धान्याची पारख पुरुषांपेक्षा अधिक असते. पण दिवा, शुद्ध जातीची माशी आणि स्वच्छता हे एकट्याने झेपणारे नाही. बचतगटाने किंवा गावाने मिळून, आधी शिकून घेऊन करावे. परभणीचे कृषी विद्यापीठ जवळ आहे, कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे विचारपूस करावी. पेट्यांत ब्रॅकॉन नावाची दुसरी एक माशी शिरली की ती पतंगाच्या अळ्याच संपवते आणि दीड महिन्याची मेहनत वाया जाते. ती कशी ओळखायची, हे पाहूनच शिकावे लागते.

तयार कार्डावर साधारण वीस हजार अंडी असतात. कपाशीला एकरी तीन कार्डे. त्यांच्या पट्ट्या कापून पानांच्या खालच्या बाजूला संध्याकाळी टाचायच्या, आणि पतंगांची अंडी शेतात दिसत असतील तोवर आठवड्याने पुन्हा. आधी आणि नंतर आठवडाभर कीटकनाशक फवारू नये, नाही तर अळीच्या आधी राखणदारच मरायचा. सातव्या-आठव्या दिवशी काळ्या अंड्यांतून माशा उडतात, म्हणून कार्डावरची तारीख पाहूनच घ्यावे. एस.टी.ने गावी आणताना ते खिडकीच्या उन्हात ठेवू नका. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात ठेवा, आणि घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी शेतात न्या.